वरून आलेलं ‘बंद’

माफ करा, लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण आज बजाजनगरात वेल्डिंगचा वास आला आणि सुट्टीवर आलेला दादा आठवला. तो समुद्रात बुडी मारून जहाजं सांधायचा.

“पाण्यात ठिणगी विझत नाय?” मी विचारलं.

“तिच्याभोवती वायूचा बुडबुडा होतो, येड्या. भीती करंटची. वेल्डिंगची कांडी बदलताना मी टोपातल्या फोनवर ‘बंद’ म्हणतो. वर बोटीवरचा माणूस स्विच पाडून ‘बंद’ म्हणला, की मगच हात लावायचा.”

पुढं कांडी बदलतानाच तो गेला. ठेकेदारानं ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ लिहिलं आणि आम्ही ते मानलं, याचाच संताप येतो. काल, तेव्हा बोटीवर असलेल्या त्याच्या कामातल्या जोडीदारानं सांगितलं: दादा ‘बंद’ म्हणाला होता. वरून मुकादमही ‘बंद’ म्हणाला, स्विचला हात न लावता.