न घेतलेला मॉनिटर

मला चोवीस इंची मॉनिटर हवा होता. बस्स, एवढंच. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला, रंग जसे आहेत तसे दाखवणारा. नेरूळच्याच एका दुकानात मी तो दोनदा जाऊन बघून आले होते, बजेटमध्ये बसत होता. लॅपटॉपवर मान जरा हलवली की नवरीचा चेहरा काळवंडायचा. त्यावर किती दिवस काढणार? त्यात स्टुडिओवाल्याने पहिल्यांदाच अख्खं लग्न माझ्या हवाली केलं होतं. "हे नीट झालं की सीझनभर काम तुमचंच, मॅडम," म्हणाला होता. मुलीच्या जन्मानंतर माझी नोकरी सुटली ती सुटलीच. स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच हाताला लागलं होतं.

पण आमच्या घरात एका वस्तूने एकच काम केलं तर तिचा जन्म फुकट! नेमका तेव्हाच हॉलमधला टीव्ही बिघडला. झालं. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? त्यात थोडे घातले की त्रेचाळीस इंची टीव्ही येतो. दिवसा तुझा मॉनिटर, संध्याकाळी आईची सिरियल." मी म्हटलं, "अहो, टीव्हीचे रंग भडक असतात, एडिटिंगला नाही चालत." तर म्हणे, "रंग तो रंग. पिवळ्याचं काय निळं दिसणार आहे?" उंटावरचा शहाणा! मी भांड भांड भांडले, पण ते मायलेक एका बाजूला आणि मी एकटी.

टीव्ही आला, हॉलमधल्या माझ्या टेबलावर बसला. सकाळी मी सेटिंगमध्ये जाऊन रंग खाली आणायची, संध्याकाळी सासूबाई रिमोटने परत वर चढवायच्या. "मेलं ते मिळमिळीत चित्र!" आदल्या दिवशी रंग कितीवर ठेवला होता तेच मला आठवेनासं झालं. लग्न आगरी घरातलं होतं, आणि त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. टीव्हीवर ती हळद डोळ्यांत घुसेल इतकी पिवळी दिसत होती. म्हणून मी व्हिडिओतला रंग उतरवत गेले, उतरवत गेले, आणि फाइल दिली.

नवरीच्या आईने स्टुडिओत सगळ्यांदेखत मला विचारलं, "बाय, आमचे पोरीला हलद लावली हाय का राख?" मी तिथल्या स्क्रीनवर पाहिलं. बाई खरं बोलत होती. नवरी तापातून उठल्यासारखी पांढरीफटक. स्टुडिओवाल्याने ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि त्यानंतर माझा फोन उचलला नाही. शरम वाटली, त्याहून जास्त संताप आला. काढणार कुणावर?

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, डोळ्यांना तेवढाच आराम." त्याच आठवड्यात नवऱ्याने माणूस बोलावून टीव्ही माझ्या टेबलावरून उचलला आणि भिंतीला लावून टाकला. मला कशाला विचारतोय! टेबल गॅलरीत गेलं, त्यावर आता कांदे-बटाटे असतात.

परवा सोसायटीतले शेजारी आले. "वा, केवढा मोठा घेतलात हो!" नवरा माझ्याकडे बघून कौतुकाने हसला.

"आमच्या मॅडमच्या कामासाठी," तो म्हणाला. "हिच्यासाठी म्हटल्यावर मी कधी हात आखडता घेत नाही."