बेळगावात राहिलेला तुकडा

बायकोच्या दहाव्याला वेदगंगेच्या काठावर पिंडाला कावळा शिवला न्हाय. झाडावर मेले ढिगानं बसलेले, खाली एक येईना. भावकीनं लई कबूल करून बघितलं. "वहिनी, म्हस विकू देत न्हाय." "आक्का, तुझ्या म्हाताऱ्याला दोन वेळ जेवायला घालतो." शेवटी दर्भाचा कावळा शिववला आणि माणसं आंघोळीला गेली. माझ्या डोक्यातनं मात्र ते जाईना. जीव अडकलाय, पण कशात?

मग आठवलं. आतड्यातली गाठ काढली तवा तिचा तुकडा बेळगावात ठेवलाय, तिथंच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीनं सांगितलंतं. म्हणजे बाई सगळी जळलीच न्हाय! तो आणून नदीत सोडायचा म्हणून निपाणीत बस धरली.

लेकीनं मेणाची वडी दाखवली. आत डाळीएवढं कायतरी.

"ही तुझी आई?"

"आईची गाठ, आप्पा. आई न्हवं."

त्याचाच पातळ काप काचेवर घेऊन तिनं दुर्बिणीखाली ठेवला. वर एक थेंब घातलेला म्हणे.

"कसलं औषध?"

"औषध न्हवं, अँटीबॉडी. सशाच्या रक्तातनं केलेली. एकाच प्रोटीनला चिकटती. मग रंग घातला की तेवढंच तपकिरी दिसतंय."

"सशाचा आणि तुझ्या आईचा काय संबंध गं?"

ती हसली, मग डोळं पुसलं.

मी बघितलं. चांगल्या भागात पेशींच्या कडंनं तपकिरी रेघा, शेताच्या बांधागत. ते प्रोटीन पेशीला पेशी धरून ठेवतंय म्हणे. गाठीत मात्र तेच पेशीच्या मधल्या गाभ्यात जाऊन बसलेलं. तिथनं वाढ, वाढ म्हणून हुकूम सोडतंय.

"बांध सोडून आत कशाला गेलं?"

"तेच शोधतोय आम्ही."

"म्हणजे तुला बी ठाऊक न्हाय."

"न्हाय."

एवढी शिकवली आणि हे! मी सरळ म्हटलं, "वडी दे. नदीत सोडतो."

"देते. पण आईच म्हणालीती, ठेव, तुमच्या प्रयोगशाळेच्या कामाला येऊ दे."

"मला का बोलली न्हाय?"

"तुम्ही ओरडला असता."

वडी हातात घेतली. तिला वजनच न्हवतं. सोडावी तर बायकोचा शब्द मोडतो. ठेवावी तर तिचा जीव अडकलेला राहतो. आणि ह्यातली ती कुठली, गाठ कुठली, हे दुर्बिणीतनं बघून बी मला कळंना.

वडी लेकीच्या टेबलावर ठेवली आणि मोकळ्या हातानं परत आलो. बरोबर केलं का चूक, अजून ठरत न्हाय. असलं काय अडलं की मी तिलाच विचारायचो.