भागीआईच्या वतीने लंकाबाई

लंकाबाई मला पहिल्यांदा ओरडल्या तेव्हा गोदावरी क्षणभर उलटी वाहिली, असं माझं ठाम मत आहे. पंचवटीतल्या त्यांच्या खानावळीत मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो होतो. "बसा खाली!" एवढंच त्या म्हणाल्या. मी बसलो. हात धुवायला उठलेली सगळी पंगत बसली, वाढपी बसला, नाक्यावरचा हवालदार बसला, आणि रस्त्यावरून चाललेली वरातीची घोडी नवरदेवासकट बसली. मी भाकरी संपवली. वर त्यांनी न विचारता वाढलेली दुसरीही संपवली.

तेव्हापासून मी त्यांचा कायमचा गिऱ्हाईक आहे. दुसरीकडे जेवायची हिंमत होत नाही.

खानावळीचं नाव 'भागीआई'. घाटावरून आलेले यात्रेकरू पाटी पाहून चपला काढतात, हात जोडतात. एकाने तर नारळही फोडला होता. लंकाबाई नारळ ठेवून घेतात (चटणीला होतो) आणि मग सांगतात, "देवी नाय ती. विकत घेतलेली बाई होती. माझी खापरपणजी."

समोरचा गुपचूप चपला घालतो. लोक आपल्या पूर्वजांत एखादा सरदार सापडतो का ते शोधत असतात. सापडला नाही तर बनवतात. लंकाबाईंनी गुलाम बाई शोधून पाटीवर चढवली, आणि अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्या घराण्यात कुणीच विकलं गेलं नाही याची लाज वाटावी. गोष्ट अशी : भागी लहान असताना दुष्काळ पडला, आणि नांदगावकडच्या एका वतनदाराने तिला पोतंभर धान्याच्या बदल्यात विकत घेतलं. जन्मभर ती त्या घरी दळण दळत राहिली. पुढे तिच्या पोरीने ते घर सोडलं, आणि तिथून लंकाबाईंपर्यंत कुणी कुणाच्या दारात राबलं नाही.

गेल्या पितृपक्षात त्याच वतनदाराच्या वंशातले शेखरराव पाटीमागची गोष्ट ऐकून खानावळीत आले. पुण्यात स्थायिक, निवृत्त इंजिनिअर, अत्यंत सभ्य माणूस. पाण्याचा ग्लाससुद्धा 'कृपया' म्हणून मागणारा. त्यांची मुलगी परदेशात असते. तिकडे लोक जुन्या गुलामगिरीबद्दल माफी मागतात, आपण काय केलं, असं तिने फोनवर विचारलं होतं. तेव्हापासून शेखररावांना झोप नव्हती.

"लंकाबाई, उद्या वडिलांचं श्राद्ध आहे," ते म्हणाले. "गुरुजींशी बोललोय. घरच्या दासदासींसाठी, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी, शेवटी एक पिंड देतात. त्यात भागीबाईंचं नाव घेणार आहे. तुम्ही घाटावर याल का?"

लंकाबाईंची मुलगी सरिता गल्ल्यावर होती. तिला हे फार आवडलं. "आई, किती चांगलं! जाऊ ना आपण."

लंकाबाईंनी उलथणं खाली ठेवलं. हे लक्षण वाईट.

"ज्यांचं कुणी नाय?" त्या म्हणाल्या. "मग मी कोण हाय, शेखरराव? ही सरिता कोण?"

"तसं नाही हो..."

"तिचा पिंड आम्ही देतो. दरसाल. जिवंतपणी तुमच्या घरचं शिळं खाल्लं तिनं. आता मेल्यावर बी तुमच्याच हातचं खायचं? परत तुमच्या घरात धरायची तिला?"

"मला फक्त प्रायश्चित्त..."

"माफी मागायची ना? मग माझ्यापुढं मागा. मी जिवंत हाय. ऐकू बी येतंय."

शेखरराव गडबडले. "पण बाई, मी स्वतः तर काही केलेलं नाही."

"आईऽ," सरिता कुजबुजली, "गिऱ्हाईक आहेत."

"तुमच्या गावची विहीर कुणी बांधली?" लंकाबाईंनी विचारलं.

शेखररावांचा चेहरा खुलला. "आमच्या पणजोबांनी! आम्ही अजून अभिमानाने सांगतो."

"तुम्ही होता का तिथं दगड उचलायला?"

शेखरराव ग्लासातलं पाणी प्यायले. 'कृपया' न म्हणता दुसरा मागितला.

"विहीर तुमची, तर भागी बी तुमच्याच खात्यात," लंकाबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी या. पंगत भरलेली असती तवा."

ते येणार नाहीत, असं सरितेला वाटत होतं. मलाही. लंकाबाई मात्र सकाळपासून ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून चुलीपाशी घामाघूम होत होत्या आणि दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत होत्या. भाकऱ्या करपल्या. कुणीही तक्रार केली नाही. आम्हाला जीव प्यारा होता.

शेखरराव घाटावरून थेट आले, ओल्या केसांनी. भिंतीपाशी उभे राहून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतायत?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"भाकरी करपली म्हणत असतील."

"सरिते, पंखा बंद कर," लंकाबाई म्हणाल्या. "आता बोला."

"आमच्या घराने भागीबाईंना विकत घेतलं," शेखरराव मोठ्याने म्हणाले. "जन्मभर राबवलं. ते वाईट होतं. त्या घरातला म्हणून मी तुमची माफी मागतो."

पंगतीतले हात ताटातच थांबले. लंकाबाई ताठ उभ्या होत्या. मी नाशिकमध्ये पुढाऱ्यांचे सत्कार पाहिलेत, पण हार न घालता इतकं भारदस्त दिसलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

"माफ केलं म्हण ना," सरिता हळूच म्हणाली.

"ते भागीनं करायचं. माझं काम ऐकून घ्यायचं." मग शेखररावांकडे वळून, "बसा. जेवून जा."

ते जेवले. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. जाताना पैसे देऊ लागले, ते बाईंनी मोजून घेतले.

यंदा शेखरराव नाशिकला फिरकलेच नाहीत; वडिलांचं श्राद्ध त्यांनी पुण्यातच उरकलं.