कॅलेंडरवरचा भाव

शेअर बाजारात मी जो एकच अंदाज तंतोतंत बरोबर वर्तवला, तो शेअरचा नव्हता.

मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवतो. सोमवार ते शुक्रवार तिकडं खोलीवर, शनिवार-रविवार सांगलीत घरी. एकट्या माणसाला खोलीवर काहीतरी खूळ लागतंच. कुणी पेटी शिकतो, कुणी सत्संगाला जातो, मला मोबाईलवर एक गुरुजी भेटले. त्यांचं म्हणणं असं, की शेअरचा भाव उगाच वर-खाली होत नाही. तो लाटांनी चालतो. चढताना पाच लाटा, उतरताना तीन. आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या ठरावीक पटीत : शून्य पूर्णांक सहाशे अठरा, नाहीतर एक पूर्णांक सहाशे अठरा. गुणोत्तर म्हटल्यावर मी पाघळलोच. वीस वर्षं पोरांना तेच शिकवतोय, पण त्यातून चार पैसे सुटतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

महिनाभरात मला सगळीकडं लाटा दिसायला लागल्या. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं ब्लडप्रेशर पाच लाटांत चढायचं. (ते माझं बोलणं ऐकून चढतं, असं डॉक्टरांचं मत पडलं.) बायकोच्या, सुरेखाच्या, रागाचाही मी आलेख काढला होता. तो तिला दाखवला आणि थेट सहावी लाट आली, जी शास्त्रात नाही.

तर या सुरेखाकडं एका पंप कंपनीचे शेअर होते. तिचे वडील पलूसकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. लग्नात त्यांनी लेकीच्या नावावर घेऊन दिलेले. ते विकून तिला मिरची कांडप यंत्र घ्यायचं होतं. तिच्या हातची चटणी निम्म्या गल्लीच्या जेवणात असते, आणि स्वतःचं कांडपाचं दुकान काढायचं हे तिनं दहा वर्षं मनात धरलेलं. मिरजेतल्या एकाचं जुनं पण धडधाकट यंत्र तिनं बघून ठेवलं होतं. तो नागपंचमीपर्यंत थांबायला तयार होता. कोपऱ्यावरचा गाळाही ठरला होता. शेअर अठराच्या आसपास होता आणि ती म्हणत होती, विकून टाकूया.

मी म्हणालो, "थांब. आत्ता कुठं पहिली लाट सुरू होतेय."

ती थांबली. माझ्यावर विश्वास होता तिचा. (होता.)

आता गुरुजींचा एक कडक नियम. स्वतः मोबाईलवर भाव बघायचा नाही, कानावरही येऊ द्यायचा नाही. मन विचलित होतं. दिवसाचा बंद भाव, म्हणजे बाजार बंद होतानाचा, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचा आणि आठवड्यानं एकदा थंड डोक्यानं आलेख काढायचा. म्हणून सुरेखा रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायची. आमच्या कॅलेंडरवर तसंही सगळं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, त्यातच माझा भाव. शनिवारी आलो की मी चहाआधी आकडे उतरवून घ्यायचो.

जुलैत सुरेखाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती तीन आठवडे माहेरी गेली. जाताना तिनं आबांना बजावलं, तेवढा रोजचा आकडा न चुकता लिहा.

आबा म्हणाले, "ते सांगायला पायजे व्हय? दरसाल लिवतोय की."

ती बसच्या घाईत होती. तिच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या शनिवारी बघतो तर अठराचा पंचवीस! दुसऱ्या शनिवारी तो पावणेएकवीसच्या आसपास उतरून पुन्हा उसळलेला. मी भागाकार केला आणि अंगावर काटा आला. बरोब्बर शून्य पूर्णांक सहाशे अठरा! तिसरी लाट बत्तीसला जाऊन टेकली, चौथी पावणेअठ्ठावीसला. गुरुजींच्या व्हिडिओतसुद्धा एवढ्या देखण्या लाटा नव्हत्या. तीन आठवड्यांच्या आत भाव दुपटीकडं निघालाय म्हटल्यावर दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. मला फक्त अभिमान वाटला.

मी पाचवी लाट मोजली, एकोणचाळीस आली. आबा कॅलेंडरसमोर काळजीत उभे होते. मी आकड्यांवर बोट ठेवून ठासून सांगितलं, "आबा, एकोणचाळीसच्या वर जात नाही. तिथनं उतरणार. लिहून घ्या."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मग चपला घातल्या आणि गल्लीत गेले.

इकडं सुरेखाचे माहेरहून फोन. "अहो, विकू का? ऐका तरी, तो..." की मी लगेच, "आकडा सांगू नकोस! मन विचलित होतं. एकोणचाळीसला विकायचं, तोवर हात लावायचा नाही." तिनं तीनदा सांगायचा प्रयत्न केला. तीनदा मी फोन कानापासून लांब धरला.

पुढच्या शनिवारी ती परत आली आणि त्याच दिवशी शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळं औंदा कपाट माडीवर न्यावं लागलं न्हाई. सगळ्या गल्लीचं वझं वाचलं बगा."

शेअरचा आणि कपाटाचा काय संबंध, असं मी विचारणार, तेवढ्यात नजर कॅलेंडरवर गेली. ३९. त्याखाली ३८.४. त्याखाली ३७.१.

"आबा, हे आकडे कसले?"

"कसले म्हंजे? आयर्विन पुलाच्या पाण्याचे. फूट आन् इंच," आबा म्हणाले. "तूच न्हाई का म्हणालास, एकोणचाळीसनं उतरतंय म्हणून? चाळीसला पुराचा इशारा असतोय. लय अचूक सांगितलंस गड्या."

पावसाळ्यात सांगलीकराला 'आकडा' म्हणजे एकच आकडा, हे जन्मापासून इथं राहून मी विसरलो होतो! तीन आठवडे मी कृष्णामाईचा बंद भाव काढत होतो. माझं नशीब असं, की ज्या दिवशी सुरेखा गेली, त्या दिवशी शेअरही अठराला होता आणि नदीही अठराला.

मी हळूच सुरेखाला विचारलं, आपला शेअर कितीला आहे.

"अकरा," ती म्हणाली. "तेच तर सांगत होते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आत गेली आणि बाहेर काढून ठेवलेली पाटी, 'कांडप करून मिळेल' लिहिलेली, पुन्हा पलंगाखाली सरकवली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. नागपंचमीला चार दिवस होते.

सासऱ्यांना कळवणं भाग होतं. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, नकाशा उलटा धरणारं जवान म्या लय बघितल्यात. दुसऱ्याच मुलखाचा नकाशा घिऊन जिकलो म्हणणारं तुमीच पयलं."

त्या रात्री मी लाटा मोजल्या नाहीत. सकाळी उठून शाळेत रजा कळवली आणि मोटरसायकल विकली. अकराच्या भावानं शेअर गेले, वर मोटरसायकल गेली, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी टेंपोतनं यंत्र उतरलं. सुरेखानं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या हातावर पहिला तुकडा ठेवला.

दुकान आता झकास चालतं. मी एसटीनं शनिवारी येतो आणि रविवारभर तिथं पोत्यावर बसून मिरच्यांची देठं खुडतो. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर विचारतं, सर, तुम्ही गणिताचे ना? मी होय म्हणतो आणि शिंकतो. काट्यावरचं वजन वाचून वहीत लिहायचं काम सुरेखानं आबांना दिलंय.