बसाप्पांची रूट बिअर

बसाप्पा मगदुमांनी उभा जन्म सोडा विकला. गोळीसोड्याचा धंदा कधीच बंद पडला, पण घरात गॅस भरायचं यंत्र अजून आहे, आणि आल्यागेल्याच्या हातात बाटली द्यायची सवयही. बाटली नाकारणारं माणूस त्यांना आजवर एकच भेटलं: अमेरिकेतली सात वर्षांची नात, शांभवी. मागच्या खेपेला आज्जाच्या सोड्याला 'नो थँक्यू' म्हणून ती सुट्टीभर पाणी प्यायली. तिला रूट बिअर आवडते, असं मुलानं फोनवर सांगितलं. ती मे महिन्यात पुन्हा येणार होती.

"बिअर? ह्या घरात?" त्यांच्या बायकोनं, मल्लव्वांनी विचारलं.

"मुळ्यांचं सरबत हाय गं ते. दारू न्हाय."

कसल्या मुळ्या, हे बसाप्पांना ठाऊक नव्हतं. रूट बिअर त्यांनी कधी चाखली नव्हती. पण चव माहीत नसलेल्या पेयाचा इसेन्स निवडणं त्यांना अवघड वाटलं नाही. लग्नही त्यांनी मुलगी न बघताच केलं होतं.

लक्ष्मीपुरी बाजारातल्या इसेन्सच्या दुकानदारानं मुंबईहून तीन बाटल्या मागवून दिल्या. तिन्हींवर रूट बिअर लिहिलेलं, तिन्हींचा वास निराळा. बसाप्पांनी व्हिडिओ कॉल लावला आणि बूच काढून एकेक बाटली फोनसमोर धरली.

"बघ बाळा, ह्यातली कुठली?"

शांभवीनं नीट निरखून पाहिलं. "ती ब्राऊनवाली, आज्जा."

तिन्ही ब्राऊन होत्या.

मग गल्लीचं मत घेतलं. एक बाटली खोकल्याच्या औषधासारखी ठरली. दुसरी हुंगून शेजारच्या भाऊसोनं मान मागं घेतली. "काका, तालमीत अंग चोळायचं त्याल हाय की हे. पोरीला पाजताय का तिची मालिश करताय?"

उरली ती आईस्क्रीमच्या वासाची. ती एकमतानं पास झाली. तिचा सोडा करून पाहिला तर जरा मिळमिळीत लागला, म्हणून बसाप्पांनी त्यात जिरं आणि काळं मीठ घातलं. गल्ली म्हणाली, झकास.

तेलाच्या वासाची बाटली मल्लव्वांनी ठेवून घेतली. "टाकायची कशाला? गुडघ्याला लावती."

मे महिन्यात शांभवी आली. बसाप्पांनी स्वतः ग्लास भरून दिला. तिनं एक घोट घेतला, बापाकडं पाहिलं, "थँक्यू, आज्जा" म्हणाली आणि ग्लास टेबलावर ठेवून बोटानं हळूच पलीकडं सरकवला.

"मीठ जास्त झालं व्हय?" बसाप्पांनी विचारलं. मुलगी चांगल्या वळणाची होती.

ती आज्जीशेजारी बसायला गेली. बसता बसता थबकली. मग वाकून तिनं आज्जीच्या गुडघ्याला नाक लावलं.

"बाबा, आज्जीला रूट बिअरचा वास येतोय."

बसाप्पांनी घाईनं बाटली मागितली. मल्लव्वांनी ती आणून उपडी करून दाखवली. "कालच संपली की. लई आराम पडत हुता."

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, माल येईल, पण पोरीची सुट्टी संपल्यावर.

शांभवी उरलेली सुट्टी आज्जीच्या गुडघ्याला टेकून बसली. समोरच्या खुर्चीत बसाप्पा आपली रूट बिअर पीत असायचे. पुष्कळ केली होती.