पेलाभर मैद्याचं वजन

मुआर नदीकाठच्या त्या गावात सालबियाचे बाहुलू म्हणजे बाहुलू. अंड्यांचे ते छोटे, फुगीर केक पितळी साच्यात, वर-खाली निखारे ठेवून भाजायचे. कृती विचारली की बाई एका दमात सांगायची, “पेलाभर अंडी, पेलाभर साखर, पेलाभर मैदा.” तीस वर्षं सगळ्यांनी ते ऐकलं, आणि तीस वर्षं कुणालाही तसे जमले नाहीत.

आता तिचा उजवा खांदा निखळून हात झोळीत, आणि शनिवारी भाचीचं, नोराइनीचं लग्न. सहाशे बाहुलू हवे होते. भावजय मुनाह म्हणाली, “वन्सं, पाकिटातले मागवू या. कुणाला कळतंय?”

“मी मेल्यावर मागव पाकिटं. हात माझा झोळीत आहे, तुझे दोन्ही शाबूत आहेत. तू करायचे.”

मुनाहने नवा वजनकाटा आणला. तिन्ही जिन्नस सारखे ना, मग अडीचशे-अडीचशे ग्रॅम घेतले की झालं! पीठ असं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. साच्यातून निघाले ते खडे. सालबियाने एक टेबलावर आपटून पाहिला. “पाहुण्यांना नको देऊस. मांडवाच्या खांबाखाली टेकू लाव.”

“तुम्हीच म्हणता सारखे!”

“अगं, पेला सारखा! पेलाभर कापूस आणि पेलाभर वाळू एकाच वजनाची असते का? आण तो काटा इकडे.”

डाव्या हाताने ती मोजायला बसली. अंडी दोनशे पंचावन्न. साखर दोनशे दहा. मैदा मुनाहने पेल्यात भरला, वर दोनदा पेला ओट्यावर ठोकला: एकशे साठ. सालबियाने भरला: एकशे तीस. पुन्हा भरले, पुन्हा तेच. आकडे जुळेनात तेव्हा मुनाह वैतागली, पण सालबिया उठायला तयार नाही. मग तिने आपल्याच हाताकडे नीट पाहिलं. सवयीने ती मैदा आधी कढईत कोरडाच भाजून घेत होती, आणि चाळणी पेल्यावर धरून अलगद पाडत होती. ठोकणं नाही, दाबणं नाही.

“हे कधी बोलला नाहीत!” मुनाह ओरडली.

“कुणी विचारलं?”

खरं सांगायचं तर हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. हात करत होता, तोंड भलतंच सांगत होतं.

तिने कागदावर लिहवून घेतलं: अंडी दोनशे पंचावन्न, साखर दोनशे दहा, फेस पांढरा, घट्ट होईपर्यंत फेटायचं; मैदा भाजून, चाळून, मग एकशे तीस. मुनाहने अंडी-साखर फेटायला घेतली आणि दर मिनिटाला नणंदेकडे पाहू लागली. झालं का? पुरे का?

“माझं तोंड काय बघतेस? कागद बघ,” म्हणत सालबिया सरळ अंगणात जाऊन बसली. आत जायचा मोह तीनदा झाला. तीनदा तिने तो गिळला. तिच्याशिवाय जमले नाहीत तर त्या कागदाचा उपयोग काय?

मुनाह ताट घेऊन आली. बाहुलू फुगलेले, माथ्यावर तडकलेले. सालबियाने एक मोडला, वास घेतला, खाल्ला. लगेच दुसरा उचलला.

“सांगा ना, वन्सं!”

“काय सांगू? पाकिटवाल्याचं नाव आता विसर. आणि साचा थंड होऊ देऊ नकोस, अजून पाचशे ऐंशी व्हायचेत.”