ऋताच्या पाटावर

वनमालाबद्दल सांगायचं तर आधी त्या खोलीबद्दल सांगावं लागेल, कारण ती पोरगी आपल्या मर्जीने जगली ती तेवढीच, त्या खोलीत. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोक बिऱ्हाडं घेऊन उतरले होते आणि ज्यांना काल कुत्रं विचारत नव्हतं त्या घरमालकांच्या डोक्यात हवा गेली होती. आम्ही तिघी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरी खोलीसाठी चौबे कॉलोनी पालथी घालत होतो. "लड़कियों को नहीं देते," हे दार पुरतं उघडायच्या आत ऐकू यायचं. माझा स्वभाव तापट, एका दारी मी भांडलेसुद्धा. वनमालाने मला हाताला धरून बाहेर आणलं.

मी राधिका, अभनपूरच्या किराणा दुकानदाराची. सोनिया भिलाईची, घरी सगळे मराठी बोलायचे आणि ही प्रत्येकाला हिंदीत उत्तर द्यायची. वनमाला डोंगरगडची. तिचे वडील तुळशीराम रेल्वेत पॉइंट्समन, मूळचे तुमसरकडचे. तिच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच पोरगी. बापाने पाठवलं होतं ते एका अटीवर. तुमसरचं एक स्थळ तयार होतं; ते लोक थांबायला राजी होते, पण पोरीबद्दल वाकडा शब्द कानावर आला की शिक्षण बंद. वनमालाला बीएस्सी करून शाळेत शिकवायचं होतं. ही अट तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकली, जशी एखादी आपल्याला अमुक पदार्थ सोसत नाही म्हणून सांगते.

खोली शेवटी मिळाली ती विजयाकाकूंकडे. भोसल्यांच्या वेळेपासून त्यांचं घराणं रायपुरात, हे त्या दूधवाल्यालाही ऐकवायच्या. नवरा अच्युतराव, निवृत्त, बोलण्याचा कंटाळा असलेला माणूस. काकूंनी आम्हाला आडनावं विचारली, घरच्या कुलदैवताचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "मराठी पोरी आहेत, राहू देत. घरात आवाज होईल थोडा."

वरची खोली, पुढे गच्ची, कोपऱ्यात पत्र्याखाली मोरी आणि ओटा. आम्हा दोघींसाठी ती नुसती खोली होती, घर तिचं केलं वनमालाने. सदर बाजारात स्कूटरवाल्यांचे धक्के खात तिने पडद्याचं कापड आणलं आणि हाताने शिवलं. तिच्या भाकरीचा वास खाली जायचा. रसायनशास्त्र ती मोठ्याने पाठ करायची, आणि समजलं नाही की भिंतीला शिकवायची. "आता पहा हं," असं भिंतीला बजावून समीकरण पुन्हा पहिल्यापासून. सोनिया हसून लोळायची. मला मात्र तिचा हेवा वाटायचा, कारण आपल्याला काय व्हायचंय हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पितृपक्षात एका सकाळी काकू जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या वर कधी यायच्या नाहीत. गच्चीच्या कठड्यावर बसून त्यांनी दम खाल्ला आणि सांगितलं, की त्यांना एक मुलगी होती. ऋता. कॉलेजात असतानाच तापाने गेली. त्यांच्या घरी रीत अशी, की कुमारी मुलगी गेली तर तिच्या तिथीला तिच्या वयाची कुमारिका बोलवायची, तिचे पाय धुवायचे आणि ऋता समजून जेवू घालायचं. दरवर्षी कोणी ना कोणी यायची, पण नात्यातल्या पोरी लग्न होऊन गेल्या. "वनमाला, तू बसशील का?" काकूंनी विचारलं. "तुझं वय बरोबर तिचंच आहे."

वनमालाने क्षणभरही विचार केला नाही. "बसते ना काकू. त्यात काय?"

आम्हालाही जेवायला बोलावलं होतं, म्हणून मी ते पाहिलं. काकूंनी परातीत तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, हातात नव्या सलवारसूटचं कापड दिलं. पानात वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गव्हल्यांची खीर. वाढताना काकू रडत होत्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा वाढत होत्या. दुसरी कुणी असती तर घास उतरला नसता. वनमालाने कढी दोनदा मागून घेतली. काकूंचा चेहरा त्या मागण्याने असा फुलला की अच्युतराव उठून बाहेर अंगणात गेले. ते चांगलं काम होतं, असं मी आजही म्हणेन.

वनमालाने संध्याकाळी एसटीडीवरून घरी फोन लावला आणि आनंदाने सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे, हे तिच्या मनातही नव्हतं. मी शेजारी उभी होते. कापडाचा रंग सांगून झाला, खीर सांगून झाली, आणि मग ती नुसती "आई? आई?" करत राहिली. फोन पलीकडून ठेवला गेला होता.

त्याच आठवड्यात तिचे आईबाप आले. आई हडकुळी, डोळे सुजलेले. तिने आल्या आल्या वनमालाचं कपाळ चाचपलं, ताप पाहतात तसं. मग हाक मारून काकूंना खालून वर बोलावलं.

"बाई, जित्या पोरीले मेलेल्या पोरीच्या पाटावर काहून बसवलं तुम्ही?"

काकू गोंधळल्या. "अहो, मान असतो तो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या..."

"तुमच्याकडे असन. आमच्याकडे नाही. तुमची पोरगी गेली, म्हणून तिच्या जागी मायी देऊ काय?"

काकूंनी तोंडावर पदर धरला. वनमालाच्या आईला मला ओरडून सांगायचं होतं की तुम्ही कुणाला काय बोलून राहिल्या, पण मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती दुष्ट नव्हती. ती भ्यायली होती, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

सोनिया मध्ये पडली. "आंटी, इसकी परीक्षा है मार्च में. प्रॅक्टिकल छूट जाएगा."

"बाबा, मले काही झालं नाही," वनमाला म्हणाली. "पहा ना, चांगली आहे मी. कमरा बदलतो आम्ही. दुसरीकडे राहते. पण कॉलेज नका सोडवू."

तुळशीराम खोलीभर फिरले. त्यांनी पडदा पाहिला, ओटा पाहिला, भिंतीवर वनमालाने खडूने लिहिलेलं समीकरण पाहिलं. मला वाटलं, हा माणूस विरघळतो आता. ते म्हणाले, "तू खोटी नाही, बेटा. पण तुह्या आईनं चार दिसांपासून अन्न नाही घेतलं. रोज मंदिरात जाऊन बसते. तुमसरवाल्यांच्याही कानावर गेलं. ते म्हणतात, अशा पोरीले लवकर सौभाग्याचं लेणं घाला, म्हणजे दोष जाईन." मग त्यांनी स्वतः तिची गादी गुंडाळली, इतकी जपून की मला त्यांचा राग नीट करताही येईना. वनमाला रडली नाही. जाताना खाली वाकून काकूंच्या पाया पडली, आणि तिच्या आईने तिला खांद्याला धरून मागे ओढलं.

माघात तिचं लग्न झालं. पत्रिका आम्हा दोघींना आली, काकूंना नाही. पुढच्या वर्षी ऋताची तिथी आली तेव्हा काकूंनी कुणालाच बोलावलं नाही. पान मांडलं आणि गायीला घातलं. मला विचारायला त्या वर येतील म्हणून मी थांबले होते. त्या आल्या नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी वनमाला मला गोंदियाच्या फलाटावर भेटली. अंगाने भरली होती, बरोबर दोन मुलं, पोट्टा सारखा बिस्किट मागत होता. मी शाळेत शिकवते हे ऐकून तिने माझा हात हातात घेतला आणि कुठला विषय, किती पोरं, सगळं खोदून खोदून विचारलं. नवरा बरा आहे, म्हणाली. सासू कटकटी आहे, पण चालायचंच. काकू गेल्याचंही मी सांगितलं.

"तुझी आई कशी आहे?" मी विचारलं.

"मस्त आहे. आनंदात आहे." वनमालाने पोराचं नाक पुसलं. "जो येईन त्याले सांगते, मी वेळेवर आणली म्हणून मायी पोरगी वाचली."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? मान डोलावते, हव म्हणते."